बर्कशायर कॉटेजेस

बर्कशायर कॉटेजेस : अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बर्कशायर या डोंगराळ जिल्ह्यात न्यूयॉर्क व बॉस्टनच्या धनाढ्य कुटुंबांनी बांधलेल्या हवापालटाच्या वाड्यांचे सामूहिक नाव. काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा. ठिकाण मुख्यतः लेनॉक्स आणि स्टॉकब्रिज ही दोन गावे व त्यांचा परिसर. मालक मंडळी घराला ‘कॉटेज’ म्हणत, पण त्यातल्या मोठ्या घरांत चाळीसपासून शंभरपर्यंत खोल्या असत. अशी पाऊणशेच्या आसपास घरे या टापूत उभी राहिली. त्यांच्यामागे रेल्वे, वीज, गालिचे, सावकारी पेढ्या आणि मोठी वकिली यांतून आलेला पैसा होता, आणि यादवी युद्धाच्या वेळची काही वर्षे सोडली तर त्या पैशावर प्राप्तिकर नव्हता. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय या घरांचा थाटही कळत नाही आणि तो एका पिढीत का ओसरला हेही.

बर्कशायर जिल्हा राज्याच्या पश्चिम टोकाला, न्यूयॉर्क राज्याच्या सीमेला लागून आहे. हूसॅटॉनिक नदीचे खोरे, दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले बुटके डोंगर, मधूनमधून तळी. ली या गावच्या संगमरवराच्या खाणी प्रसिद्ध. वॉशिंग्टनमधील कॅपिटॉल या संसदभवनाच्या विस्तारासाठी इथला दगड गेला होता. (शेअर बाजारामुळे मराठी वाचकांना ठाऊक असलेल्या ‘बर्कशायर हॅथवे’ कंपनीच्या नावातला पहिला अर्धा भाग याच जिल्ह्यातल्या अ‍ॅडम्स गावच्या कापड गिरणीकडून आलेला आहे.) उन्हाळा सौम्य असतो, पण खरी शोभा सप्टेंबर-ऑक्टोबरातली. तेव्हा मेपलची पाने लाल-केशरी होतात आणि कॉटेजवाल्यांचे सारे वेळापत्रक त्या पानांभोवती फिरत असे.

श्रीमंतांच्या आधी इथे लेखक आले. कादंबरीकार कॅथरिन सेजविकचे कुटुंब स्टॉकब्रिजचेच. त्यांच्या ओढीने इंग्रज अभिनेत्री फॅनी केंबल लेनॉक्सला येऊ लागली. नॅथॅनियल हॉथॉर्न १८५०-५१ मध्ये स्टॉकब्रिज बोल तळ्याजवळच्या एका लहानशा लाल घरात राहिला, तर हर्मन मेलव्हिलने शेजारच्या पिट्सफील्डला शेत घेऊन तेरा वर्षे काढली. बॉस्टनचा सावकार सॅम्युएल ग्रे वॉर्ड याने १८४० च्या दशकात तळ्याच्या वरच्या अंगाला हायवूड हे घर बांधले. पहिला कॉटेजवाला म्हणून त्याचेच नाव घेतात. पुढे आगगाडी आली, यादवी युद्ध संपले, उद्योगांत अफाट पैसा खेळू लागला आणि डोंगरउतारावरची शेते एकेक करून विकली जाऊ लागली. शेतकऱ्याला ज्या जमिनीतून जेमतेम पोटापुरते मिळे, तिचा भाव आता तिथून दिसणाऱ्या देखाव्यावर ठरू लागला.

या वर्गाचे वर्ष ठरलेले असे. जुलै-ऑगस्टात ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या समुद्रकिनारी, सप्टेंबर-ऑक्टोबरात लेनॉक्सला, मग ऑपेरा आणि मेजवान्यांसाठी न्यूयॉर्कला. त्यामुळे कित्येक घरे वर्षातून जेमतेम सहा-आठ आठवडे नांदती असत. घोडेस्वारी, नेमबाजी, गोल्फ, चहापाने, नृत्यसमारंभ आणि मुलामुलींच्या सोयरिकी हे मोसमाचे उद्योग. मोसम सरताना लेनॉक्समध्ये फुलांनी सजवलेल्या छोट्या घोडागाड्यांची मिरवणूक निघे. तिला ‘टब परेड’ म्हणत.

मुख्य घर हा इस्टेटीचा दर्शनी भाग झाला. त्याच्यामागे तबेले, गाडीखाने, हरितगृहे, गोठे, बर्फघर, फाटकावरची चौकी आणि कारभाऱ्याचे स्वतंत्र घर असा एक छोटा गावच असे. हिवाळ्यात तळे गोठले की बर्फाच्या लाद्या कापून भुशात रचून ठेवायच्या, त्या पुढच्या उन्हाळ्यात वापरायच्या. मालक शहरात असला तरी हरितगृहातली फुले आणि भाजी आगगाडीने त्याच्या न्यूयॉर्कच्या घरी पोहोचत. गवंडीकाम आणि खोदकाम इटालियन मजुरांकडे, घरकाम आयरिश मुलींकडे, बागकाम इंग्रज किंवा स्कॉटिश माळ्यांकडे, अशी साधारण वाटणी होती. नोकरांचा जिना वेगळा, खोल्या वेगळ्या, जेवणघर वेगळे. पाहुण्यांच्या नजरेस न पडता पाहुण्यांची सगळी सोय व्हावी अशी घराची आखणीच असे. आजही ही घरे पाहताना दिवाणखान्यापेक्षा मागचा जिना आणि घंट्यांची पाटी जास्त काही सांगून जातात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वास्तुशैली बहुतेक उसनी. कुणी फ्रेंच राजवाडा मागे, कुणी स्कॉटिश किल्ला, कुणी इटालियन व्हिला. जिराड फॉस्टरच्या बेलफाँटेनसाठी कॅरेर अँड हेस्टिंग्ज या वास्तुकारांनी फ्रान्समधील व्हर्सायच्या पेटी ट्रियानाँ या छोट्या राजमहालाचा आदर्श ठेवला. बडा सावकार जे. पी. मॉर्गन याची बहीण सेरा हिने १८९३ मध्ये व्हेंटफोर्ट हॉल बांधला तो इंग्लंडच्या जेकोबियन, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभीच्या, धर्तीचा. त्या मानाने एल्म कोर्ट अस्सल अमेरिकन वाटतो. गालिच्यांच्या व्यापारातले विल्यम स्लोन आणि त्यांची पत्नी, रेल्वेमालक व्हँडरबिल्ट घराण्यातली एमिली, यांनी १८८६ मध्ये ते बांधायला घेतले. लाकडी फळ्यांच्या खपल्यांनी बाहेरून मढवलेले हे घर पीबडी अँड स्टर्न्स यांनी रचले, आवाराची आखणी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे शिल्पकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी केली आणि मग ते वाढत वाढत नव्वदच्या वर खोल्यांचे झाले.

आकाराच्या बाबतीत अ‍ॅन्सन फेल्प्स स्टोक्सचे शॅडोब्रुक (१८९३) त्याच्याही पुढे गेले. खोल्या शंभर, त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खाजगी घरांत त्याची गणना होई. त्याबद्दलची एक गोष्ट बर्कशायरमध्ये सगळेच सांगतात. स्टोक्सचा मुलगा येल विद्यापीठात १८९६ च्या तुकडीत होता. ‘९६ ची काही मुले घेऊन येतोय’ अशी तार त्याने आईला केली. आईला वाटले, मुले शहाण्णव! तिने उलट कळवले, घरात आधीच पाहुणे आहेत, पन्नासच आण. खरीखोटी कशीही असो, त्या घरात ती शोभते. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९१७ मध्ये शॅडोब्रुक विकत घेतले आणि ११ ऑगस्ट १९१९ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

काहींची हौस घरापलीकडे गेली. विजेच्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाचा पुरस्कर्ता जॉर्ज वेस्टिंगहाउस याने अर्स्किन पार्क या आपल्या इस्टेटीत स्वतःची वीज तयार केली. योगायोग असा की त्याच प्रवाहाचे एक पहिले यशस्वी प्रात्यक्षिक विल्यम स्टॅन्ली यांनी १८८६ मध्ये याच जिल्ह्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन गावात करून दाखवले होते. माजी नौदलमंत्री विल्यम व्हिटनी यांनी तर ऑक्टोबर माउंटन हा डोंगरच शिकारीसाठी घेतला. हजारो एकरांना कुंपण घालून आत बायसन आणि एल्क सोडले.

या सगळ्यांत नॉमकेगची कहाणी वेगळी ठेवून सांगायला हवी. हे चव्वेचाळीस खोल्यांचे घर न्यूयॉर्कचे नामांकित वकील जोसेफ चोट यांच्यासाठी मॅकिम, मीड अँड व्हाइट या संस्थेने १८८५-८६ मध्ये बांधले. रस्त्याच्या बाजूने विटा, दगड आणि मनोरे. मागे डोंगराकडे तोंड करून साधी लाकडी खपल्यांची भिंत. अमेरिकी काँग्रेसने १८९४ मध्ये चार हजार डॉलरवरच्या उत्पन्नावर दोन टक्के कर बसवला, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेल्या वकिलांत चोट अग्रभागी होते. हा कर म्हणजे साम्यवादाची नांदी आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख. पोलॉक खटल्यात १८९५ साली पाच विरुद्ध चार मतांनी कर रद्द झाला. कॉटेजेसचा सर्वांत बहराचा काळ या निकालानंतरच्या दोन दशकांतला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चोट पुढे इंग्लंडमध्ये राजदूत झाले आणि १९१७ मध्ये वारले. त्याआधीच, १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने प्राप्तिकर कायमचा आला होता.

नॉमकेग आज ओळखले जाते ते मात्र त्यांची मुलगी मेबल हिच्या बागेमुळे. उद्यानरचनाकार फ्लेचर स्टील १९२६ मध्ये तिथे कामाला लागले आणि दोघांनी मिळून जवळजवळ तीस वर्षे ती बाग घडवली. तीव्र उतारावरून खालच्या फुलझाडांच्या वाफ्यांपर्यंत जाता-येता मेबलची दमछाक होई. पायऱ्या करून द्या, एवढीच तिची मागणी. त्यातून १९३८ मध्ये ‘निळ्या पायऱ्या’ झाल्या. एकाखाली एक चार टप्पे. प्रत्येक टप्प्यावर निळ्या रंगाची कमान, कमानीत पाण्याचे कुंड. दोन्ही अंगांनी उतरणाऱ्या पायऱ्या आणि त्यांना पांढऱ्या नळीचे वळणदार कठडे. भोवती पांढऱ्या सालीची भूर्जाची झाडे अगदी दाट लावलेली. संगमरवराच्या खाणी हाकेच्या अंतरावर असताना सगळे काम साध्या काँक्रीटचे आणि लोखंडी नळ्यांचे आहे. कठड्याची पांढरी रेघ आणि खोडाची पांढरी रेघ एकमेकींत मिसळतात. जवळून पाहिले तर रंगवलेले काँक्रीट, चार पावले मागे सरले की त्याची जादू होते. आधीच्या पिढीला राजवाड्यांच्या नकलांतून जे साधले नाही ते इथे साधले आहे.

लेखिका ईडिथ व्हार्टन यांचे द माउंट हे घरही वेगळ्या जातीचे. व्हार्टन याच श्रीमंत वर्तुळात वाढल्या, पण त्या वर्तुळाच्या भपकेबाज घरसजावटीवर त्यांचा राग होता; ऑग्डन कॉडमन या वास्तुकारासोबत त्यांनी १८९७ मध्ये या विषयावर पुस्तकही काढले. १९०१ मध्ये लेनॉक्सला ११३ एकर जमीन घेऊन पुढच्या वर्षी त्या राहायला आल्या. इंग्लंडमधील बेल्टन हाउसवरून घेतलेले हे घर पांढरे, प्रमाणबद्ध आणि शेजाऱ्यांच्या मानाने आटोपशीर आहे. सकाळी अंथरुणातच लिहायचे आणि लिहून झालेली पाने खाली टाकत जायचे, ती नंतर टंकलेखनासाठी गोळा होत, हा त्यांचा शिरस्ता. दुपारी पाहुण्यांना मोटारीतून फिरवणे. कादंबरीकार हेन्री जेम्स त्यांतले नेहमीचे. लग्न मोडकळीला आले तसे घरही सुटले. १९११ मध्ये ते विकून त्या फ्रान्सला गेल्या.

उतरती कळा एका कारणाने लागली नाही. १९१३ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर सात टक्के होता, तो १९१८ मध्ये सत्त्याहत्तरवर गेला. महायुद्धात माणसे सैन्यात आणि कारखान्यांत गेली, पाठोपाठ युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांवर कायद्याने मर्यादा आली आणि स्वस्त नोकर मिळेनासे झाले. मोटारीमुळे एका जागी दोन महिने मुक्काम ठोकण्याची गरज उरली नाही. मग १९२९ ची मंदी. खरे तर पैसा पूर्वीइतकाच असता तरी पुढच्या पिढीला शंभर खोल्यांचे घर हवे होते का, हा प्रश्नच आहे. वारसांना ही घरे डोईजड झाली होती आणि गिऱ्हाईक मिळत नव्हते.

जी घरे तगली ती संस्थांमुळे. मुलींच्या शाळा, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची पाठशाला, उपाहारगृहे, आरोग्यकेंद्रे यांना मोठी स्वयंपाकघरे आणि पुष्कळ खोल्या आयत्या मिळाल्या. द माउंट बराच काळ फॉक्सहॉलो शाळेकडे होते. आता ते व्हार्टन यांचे स्मारक आहे. बेलफाँटेनमध्ये १९८९ पासून कॅन्यन रँच हे आरोग्यनिवास आहे. व्हेंटफोर्ट हॉल पडायला आलेला असताना स्थानिकांनी संस्था काढून १९९७ मध्ये विकत घेतला आणि तिथे त्या काळाचे संग्रहालय केले. नॉमकेग मेबल चोट यांनी मृत्युपत्राने ‘ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ या संस्थेला दिले. टायरिंगहॅम गावचे अ‍ॅशिन्टली १९५२ मध्ये जळाले. त्याचे ग्रीक धर्तीचे चार डोरिक खांब टेकडीवर अजून उभे आहेत. शॅडोब्रुकही १९५६ च्या मार्चमध्ये आगीत गेले आणि त्या आगीत चार जेझुइट दगावले. त्या जागी उठलेल्या नव्या इमारतीत १९८३ पासून कृपालू योगकेंद्र आहे. गुजरातहून अमेरिकेत गेलेले अमृत देसाई यांनी आपल्या गुरूंच्या, स्वामी कृपाल्वानंदांच्या, नावाने ते सुरू केले होते. पोलादसम्राटाने जिथे अखेरचा श्वास घेतला तिथे लोक आता पैसे भरून प्राणायाम शिकतात.

सर्वांत मोठे रूपांतर टँगलवूडचे. टॅपन कुटुंबाने आपली ही इस्टेट १९३६ मध्ये संगीतसंचालक सर्ज कूसेवित्स्की आणि बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राला देऊन टाकली. पुढच्या ऑगस्टमध्ये तंबूत जर्मन संगीतकार वाग्नरच्या रचना चालू असताना वादळी पाऊस कोसळला, कार्यक्रम थांबवावा लागला आणि गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ या आयोजिकेने तिथल्या तिथे श्रोत्यांकडून पक्क्या मंडपासाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. सुमारे पाच हजार श्रोत्यांचा तो मंडप १९३८ मध्ये झाला. इथल्या उन्हाळी संगीतशाळेत १९५८ मध्ये आलेल्या विद्यार्थ्यांत मुंबईचा बावीस वर्षांचा झुबीन मेहताही होता.

व्हिटनींचा डोंगर १९१५ मध्ये राज्याने घेतला. ते आज मॅसॅच्युसेट्समधील सर्वांत मोठे राखीव वन आहे. एमिली स्लोनच्या मुलीच्या हाय लॉन इस्टेटीवरच्या जर्सी गायींचा गोठाही चालू असून त्याचे दूध परिसरातल्या दुकानांत विकले जाते.