फज रवाळ का होतो?

चॉकलेट फजच्या प्रत्येक वडीत साखरेचे असंख्य बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्याभोवती घट्ट पाक, दूध, लोणी, कोको. स्फटिक साधारण २० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असले तर जिभेला लागत नाहीत. त्याहून बरेच मोठे झाले, तर फज रवाळ.

४०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम चाळलेला कोको, २४० मिली सायीचं दूध आणि एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज जाड बुडाच्या खोल पातेल्यात घ्या. मिश्रण उतू जायला बघतं. मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. उकळी फुटली की ढवळणं बंद. कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसून घ्या, कारण एवढासा कण पाकात पडला तरी त्याच्याभोवती साखर जमू लागते. ग्लुकोज साखरेच्या रेणूंना एकमेकांना सहजी चिकटू देत नाही. पण ते जास्त झालं तर फज धरतच नाही.

११३-११४ अंश सेल्सियसला गॅस बंद करा. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका: गोळी वळली पाहिजे, पण चिमटीत चपटी व्हायला हवी. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं, म्हणून तिथे चार-साडेचार अंश आधीच थांबा.

आता ४० ग्रॅम लोणी वर ठेवा आणि पातेलं अजिबात हलवू नका. नारळाच्या वड्यांसारखं गरम असतानाच घोटायला घेतलं, तर मोजकेच स्फटिक तयार होतात आणि पातळ पाकात मोठे होत जातात. ४५ अंशांपर्यंत, म्हणजे बुडाला तळहात टेकवता येईल इतकं निवल्यावर घोटलं, की एकाच वेळी असंख्य स्फटिक जन्मतात आणि कोणालाच वाढायला जागा उरत नाही. इथे घाई करणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

लाकडी चमच्याने जोर लावून घोटा. काळपट, चकचकीत पाक हळूहळू जड होतो, रंग किंचित उतरतो आणि एका क्षणी चमक जाते. त्याच क्षणी तूप लावलेल्या ताटात ओता. थोडा उशीर झाला तरी पातेल्यातच दगड होतो.

वेळच नसेल, तर ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये ३५० ग्रॅम डार्क चॉकलेट मंद आचेवर वितळवून थापा. हा फज मुख्यतः कोको बटर (चॉकलेटमधली चरबी) गोठल्याने धरतो, त्यामुळे पाकाची भानगड नाही. फक्त उकळू देऊ नका, तेल सुटतं.

रवाळ झालेला फज टाकू नका. अर्धी वाटी दूध घालून कण न् कण विरघळवा आणि पुन्हा ११३ अंशांपर्यंत न्या.