पियानोवरील कॉर्ड प्रोग्रेशन

ओढ आणि विसावा यांवर उभा असलेला कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा क्रम. पियानोवर तो शिकताना कॉर्ड्सच्या याद्या पाठ करण्याने फार काही साधत नाही. एका कॉर्डमधला प्रत्येक स्वर पुढच्या कॉर्डमध्ये कुठे सरकतो, हे बोटांना कळले पाहिजे. प्रोग्रेशन भक्कम होते ते तिथे.

या नोंदीत पांढरी एक (पाश्चात्त्य C) हा सा धरला आहे. म्हणजे सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. एकाआड एक असे तीन स्वर घेतले की कॉर्ड तयार होते : पहिली सा-ग-प, दुसरी रे-म-ध, चौथी म-ध-सा, पाचवी प-नी-रे, सहावी ध-सा-ग. पहिलीवर विसावा मिळतो, सहावी तिची जवळची नातलग. दुसरी आणि चौथी तिथून दूर नेतात, पाचवी परत ओढते. पाचवीत म मिळवला (प-नी-रे-म) तर ओढ आणखी वाढते. नी आणि म यांतले तीन पूर्ण स्वरांचे अंतर कानाला अस्थिर वाटते. नी अर्धा स्वर (म्हणजे लगतच्या पट्टीइतका) चढून सावर आणि म अर्धा स्वर उतरून गवर गेला की तो ताण सुटतो.

सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग ही एकाच कॉर्डची रूपे आहेत, हा विचार फ्रेंच संगीतकार झाँ-फिलीप रामो याने १७२२ मध्ये पद्धतशीर मांडला. पियानोवादकाचे सगळे काम या उलट-सुलट रूपांवर चालते.

पहिला अभ्यास असा. डाव्या हाताने सा, म, प, सा हे एकेरी स्वर; उजव्या हाताने मधल्या सापासून सा-ग-प, सा-म-ध, नी-रे-प (नी साच्या लगेच खालचा), सा-ग-प. बोटे (अंगठा १, करंगळी ५) अनुक्रमे १-३-५, १-३-५, १-२-५, १-३-५. मेट्रोनोम (ठोके देणारे लययंत्र) मिनिटाला ६० वर, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा. चौथीवरून पाचवीवर जाताना डावा हात चढतो आणि उजवा उतरतो, हे मुद्दाम ऐकावे. नवशिके तिथेच म-ध-सा उचलून जसेच्या तसे प-नी-रेवर ठेवतात. सगळे स्वर एकाच दिशेने, तेवढ्याच अंतराने सरकतात आणि स्वरांच्या स्वतंत्र चाली नाहीशा होतात.

पुढची पायरी दुसरी-पाचवी-पहिली. डाव्या हाताने रे, प, सा. उजव्या हाताने दोनच स्वर : म-सा, म-नी, ग-नी. इथे प्रत्येक कॉर्डमध्ये एकाआड एक असा चौथा स्वरही धरला आहे (रे-म-ध-सा, प-नी-रे-म, सा-ग-प-नी) आणि त्यातले मोजके स्वरच वाजवले आहेत. दर वेळी एकच बोट अर्धा स्वर हलते, तरी तिन्ही कॉर्ड्स स्पष्ट ओळखू येतात. इतक्या थोड्या श्रमात इतके देणारा दुसरा धडा क्वचितच असेल. तो बाराही पट्ट्यांत, म्हणजे प्रत्येक पट्टी सा धरून, बसवावा.

आवाज गढूळ होण्याची कारणे बहुधा दोन. मधल्या साच्या एक सप्तक खाली सा-ग असे जवळचे स्वर एकत्र वाजवले तर त्यांचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर) एकमेकांवर आदळतात. तिथे एकेरी स्वर, सा-प किंवा सप्तकाची जोडीच ठेवावी. दुसरे कारण स्वर लांबवणारे उजवे पेडल. नवी कॉर्ड वाजताक्षणी पाय उचलायचा आणि पट्ट्या दाबलेल्या असतानाच पुन्हा दाबायचा. आधी दाबून ठेवलेले पेडल जुने स्वर नव्यात मिसळते.

मायनर स्वरमालिकेत, उदाहरणार्थ ध-सा-ग ही पहिली कॉर्ड धरल्यास, पाचवी ग-प-नी येते. तिच्यात प ऐवजी कोमल ध घ्यावा, नाहीतर घराकडे, म्हणजे पहिल्या कॉर्डकडे, खेचणारा अर्धा स्वर मिळत नाही.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही विद्या रुजवण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा आहे. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर (वाद्यमेळ रचणारे) सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतले ठळक नाव. रागावर आधारलेल्या चालीला कॉर्ड्स देताना मात्र हात आवरावा लागतो. भूप रागात म आणि नी वर्ज्य, म्हणून वर दिलेल्यांपैकी सा-ग-प आणि ध-सा-ग याच कॉर्ड्स त्यात बसतात. सवयीने चौथी-पाचवी वाजवली की वर्ज्य स्वर शिरतो. पाचवीतला नी काढून त्या जागी सा घेतला, म्हणजे प-सा-रे वाजवले, तर राग शाबूत राहतो. ओढ मात्र सौम्य होते.