कोंबडीने दाणा सोडल्यास काय करावे : परसातील कोंबड्या पाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘कोंबडी दाणा टिपत नाही, भूक लागायचे औषध द्या’ अशी मागणी घेऊन तासगाव, पलूस, मिरज भागांतील ग्राहक आमच्या दुकानात वरचेवर येतात. असे टॉनिक आमच्याकडे विक्रीस आहे आणि ते खपले तर आमचा फायदाच आहे. तरीही बाटली हाती देण्यापूर्वी आम्ही काही प्रश्न विचारतो. दाणा सोडणे हा आजार नसून आजाराचे लक्षण आहे, आणि मूळ कारण तसेच राहिले तर टॉनिकचे पैसे पाण्यात जातात.

कोंबडी खरोखर आजारी आहे का?

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी अंड्यांवरून दिवसातून एखाद्या वेळीच उठते आणि 21 दिवस अगदी थोडे खाते. हे नैसर्गिक आहे. खुडूक कोंबडी पिसे फुगवते, तशीच आजारी कोंबडीही फुगवते. परंतु खुडूक कोंबडीजवळ हात नेला की ती गुरगुरून चोच मारते, आजारी कोंबडीला तेवढे त्राण नसते. पिसे झडण्याच्या काळातही खाणे कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत कोंबड्या दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकतात आणि दाण्याकडे फिरकत नाहीत, कारण त्यांना घाम येत नाही व खाल्लेले पचवताना अंगातील उष्णता आणखी वाढते. अशा दिवसांत खाद्य पहाटे व सूर्य कलल्यावर द्यावे आणि पाणी मातीच्या परळात सावलीत ठेवावे.

गळ्याखालची पिशवी तपासणे

ही तपासणी घरच्या घरी होते आणि तिला पैसे पडत नाहीत, म्हणून आमचा तिच्यावर विशेष भर आहे. कोंबडी टिपलेला दाणा आधी छातीच्या वर, किंचित उजवीकडे असलेल्या पिशवीत साठवते. रात्री ही पिशवी भरलेली असते आणि सकाळी रिकामी झालेली असते. म्हणून सकाळी खुराडे उघडण्यापूर्वी, दाणापाणी देण्याआधी, कोंबडी काखेत धरून दोन बोटांनी ती चाचपून पाहावी. पिशवी रिकामी लागली तर कोंबडीने आदल्या दिवशी खाल्लेले पुढे सरकले आहे, आणि कारण अन्यत्र शोधावे लागेल. घट्ट मळलेल्या कणकेसारखा गोळा लागला तर आत काहीतरी अडकले आहे. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास येत असेल, तर आतील खाद्य आंबले आहे. अशा वेळी काही जण कोंबडीला उलटे धरून पिशवी दाबतात. तसे मुळीच करू नये, कारण वर आलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी जागीच दगावू शकते. एका ग्राहकाच्या कोंबडीच्या पिशवीतून पशुवैद्यकांनी लांब गवताबरोबर खाद्याच्या पोत्याच्या शिवणीचा दोरा काढला होता. पोते आमच्याच दुकानातले होते, हे कबूल करायला हवे. तेव्हापासून पोते उसवल्यावर दोरा लगेच चुलीत टाकावा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

विष्ठा आणि परिसर

आजारी कोंबडीला वेगळ्या डालग्याखाली ठेवून खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, म्हणजे विष्ठा नीट पाहता येते. विष्ठेत रक्त दिसले तर, विशेषतः पावसाळ्यात आणि तलंगांमध्ये (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांमध्ये), रक्ती हगवणीची शंका घ्यावी. या रोगावर अँप्रोलियम हे औषध चालते. मात्र त्याच्यासोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नये, कारण त्यातील बी-1 जीवनसत्त्वामुळे अँप्रोलियमचा प्रभाव कमी होतो. हिरवट-पांढरी हगवण, घरघर, लुळे पडलेले पाय किंवा पिळवटलेली मान ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणे असू शकतात. मानमोडीवर औषध नाही. लस हाच उपाय आहे आणि ती निरोगी कोंबड्यांना वेळापत्रकानुसार आधीच द्यावी लागते.

तुरा फिकट पडला असेल तर रात्री विजेरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहाव्यात. कोंबड्यांचे गोचीड दिवसा फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी ते सहसा सापडत नाहीत. द्राक्षबागेच्या किंवा उसाच्या कडेला चरणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत विषबाधाही ध्यानात घ्यावी. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर फवारण्या वाढतात. तोंडातून लाळ गळणे, झोकांड्या जाणे व एकाएकी कोसळणे असे दिसल्यास, कोणते औषध फवारले होते त्याचे नाव पशुवैद्यकांना सांगावे. पुरात किंवा पावसात भिजून बुरशी आलेला मका वाळवला तरी त्यातील विष जात नाही. तो कोंबड्यांना घालू नये.

पहिल्या दिवसाची शुश्रूषा

दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचे आहे. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी पिते. खाणे थांबले की पाणीही कमी होते आणि कोंबडी झपाट्याने खंगते. इलेक्ट्रोलाइट पावडर (क्षारांची पावडर) पाण्यात पुडीवरील प्रमाणानेच मिसळावी. ‘जरा जास्त’ घातल्याने गुण लवकर येत नाही, उलट जादा मीठ कोंबडीला बाधते. चोच उघडून पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, म्हणून ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा आणि तिला स्वतः गिळू द्यावे. पिशवी मोकळी असल्यास लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे भरड खाद्य) कोमट पाण्यात सैलसर भिजवून त्यात उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. उरलेले दोन तासांनी टाकून द्यावे. थंडी-पावसात डालग्यावर पोते टाकून ऊब द्यावी.

चोवीस तासांत कोंबडी पाणी पिऊ लागली नाही, किंवा त्याआधीच दुसरी कोंबडी गळाठली, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. प्रतिजैविके आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. त्यावर रागावणारे ग्राहक आहेत, पण हा नियम बदलणार नाही. औषध चालू असताना आणि पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या कोंबडीची अंडी खाऊ अथवा विकू नयेत. ‘मरण्याआधी कापून टाकू’ हा विचारही मनात आणू नये. एकाच वेळी अनेक कोंबड्या दगावल्यास मृत कोंबड्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता तातडीने पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी किमान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी आणि तिचे दाणापाणी सर्वांत शेवटी करावे. दुकानात येताना आजारी कोंबडी पिशवीत घालून आणू नये, कारण येथे इतर ग्राहकांची पिल्लेही असतात. वर्तमानपत्रावरील विष्ठेचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि सध्या चालू असलेल्या खाद्याची मूठभर वानगी आणली तरी पुरते.