समुद्राच्या निळाईपासून सोन्याच्या ठिपक्यांपर्यंत

गोव्यातल्या शाळांत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो. १९२१ साली बोटीवरून दिसलेली भूमध्य समुद्राची निळाई आणि १९२८ मधला रामन परिणाम एवढं सांगून भाषण संपतं. दोनापावलाचा समुद्र समोर असल्यामुळे पोरांना तेवढं पटतंही. पुढची कथा मात्र राहून जाते.

रेणूवर आदळून रंग बदललेला हा रामन प्रकाश भलताच दुबळा. साधारण कोटीभर फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, विखुरले तर त्यातला एखादा रंग बदलून परततो. त्या बदलावरून रेणू ओळखता येतो, पण हाती लागायला तो दिसला तर पाहिजे!

१९७४ मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला. पृष्ठभाग वाढला की पिरिडीन या तपासायच्या रसायनाचे रेणू जास्त चिकटतील, असा सरळ हिशेब. रामन प्रकाशाचा संकेत जोरदार मिळाला. १९७७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी आकडेमोड केली, तेव्हा कळलं की वाढलेल्या पृष्ठभागाने एवढं होणं शक्य नाही. वाढ लाख ते दहा लाख पटींची होती. धातूच्या बारीक उंचवट्यांतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात आणि प्रकाशाचं क्षेत्र तिथेच एकवटतं. या डोलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी माणकासारखं लाल दिसतं, तेही याच डोलण्यामुळे. फॅरेडेने ते १८५७ मध्येच करून दाखवलं होतं. आमच्या म्हापशातल्या शेटाला हे लाल सोनं दाखवलं, तर तो आधी कसोटीचा दगड काढील.

तरी एक वाद उरलाच: वाढ या क्षेत्रामुळे किती आणि धातू-रेणूंच्या रासायनिक सलगीमुळे किती? रेणू नेमका कुठे बसलाय हेच ठाऊक नसेल तर मोजणार काय? इथे ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकच थर, कामी आलं. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलून ते वेगळं केलं. २००६ पर्यंत त्याची रामन ओळखही पक्की झाली. रंगबदलाच्या मोजपट्टीवर १५८० आणि २७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दोन ठळक शिखरं. एकच थर असेल तर दुसरं शिखर अणकुचीदार, थर वाढले की पसरट. एका अणूएवढा जाड, सपाट पत्रा. धातूपासूनचं अंतर ठाऊक.

२०१० मध्ये ग्राफीनवर सोन्याचे ठिपके उमटवून मोजणी झाली. संकेत सुमारे ३५ पटींपर्यंत वाढला. दहा लाखांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण तो प्लाझ्मॉनच्या गणिताशी ताडून पाहता येत होता, आणि माझ्या मते मोल त्याचंच. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने कोणताही धातू न वापरता, नुसत्या ग्राफीनवर रंगद्रव्याचे रेणू ठेवले. त्यांचाही संकेत वाढला, आणि इथे श्रेय रासायनिक सलगीला गेलं.