१०९८ च्या आधी आणि नंतर : मुलापर्यंत सगळ्यात आधी कोण पोचतं?

२०२३ च्या मध्यापासून १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक टप्प्याटप्प्याने स्वयंसेवी संस्थांकडून राज्यांच्या महिला व बालविकास विभागांकडे गेला. कागदावर हा प्रशासकीय बदल आहे. वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी मात्र त्यातून जवळजवळ शंभर वर्षांचा एक वाद पुन्हा वर आला. घरातून निघून गेलेल्या, घरात मार खाणाऱ्या, शाळा सुटलेल्या, कुणा मोठ्याच्या नादाने चोरीत सापडलेल्या पोरापर्यंत सगळ्यात आधी कोणी पोचायचं? पोलिसाने, सरकारी कर्मचाऱ्याने, की त्याची गल्ली आणि त्याचं घर ओळखणाऱ्या कार्यकर्त्याने?

मुंबई इलाख्यात या वादाची सुरुवात १९२४ च्या बालक कायद्यापाशी होते. त्याआधीच्या सुधारशाळा आणि अनाथाश्रम यांत मूल एकतर शिक्षेला पात्र होतं नाहीतर दयेला. १९२४ च्या कायद्याने त्याच्यासाठी वेगळं न्यायालय आणि वेगळी जागा आणली, आणि १९२७ मध्ये हे काम बघायला सरकारी मदतीवर चालणारी एक संस्था उभी राहिली. जागा मात्र मिळाली ती तुरुंगाची. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या ज्या तुरुंगात १०१ दिवस काढले, तेच आवार पुढे मुलांच्या वाट्याला आलं. ‘नीट वागला नाहीस तर रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी मराठी घरांत अजून ऐकू येते. मुलांना मदत म्हणून जे उभं राहिलं, त्याची लोकांच्या मनातली ओळख धाकाचीच राहिली.

त्याच सुमारास मुंबईतल्या नागपाड्यात दुसरी वाट सुरू झाली. वस्तीतच एक केंद्र काढायचं, तिथे वर्ग, खेळ, दवाखाना, आयांच्या बैठका चालवायच्या आणि मुलाला उचलून न्यायच्या आधी त्याच्या घराशी बोलायचं, अशी ती पद्धत होती. १९३६ मध्ये याच कामातून समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा निघाली आणि १९३७ मध्ये तिथे मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय सुरू झालं. मूल बिघडलं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याच्या घरात आणि शाळेत जाऊन समजून घ्यायचं, ही दृष्टी तिथून आली.

एक वाट संस्थेच्या इमारतीकडे नेणारी, दुसरी मुलाच्या दाराकडे. महाराष्ट्रात दोन्ही चालू राहिल्या, पण पैसा पहिल्या वाटेने गेला. पुढे जिल्ह्याजिल्ह्यात परिविक्षा व अनुरक्षण संघटना, म्हणजे मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या आणि सुटकेनंतर मदत करणाऱ्या संघटना, स्थापन झाल्या. नाव सरकारी वाटलं तरी या स्वयंसेवी संघटना होत्या, आणि निरीक्षणगृहं (चौकशी होईपर्यंत मुलांना ठेवायची जागा, म्हणजेच रिमांड होम) आणि बालगृहं शासनाच्या अनुदानावर त्याच चालवत. अनुदान मिळे ते दाखल मुलांच्या संख्येवर. मूल घरी परत गेलं की त्याचं अनुदान थांबे. घर सावरून मूल तिथेच राहावं यासाठी खपणाऱ्या संस्थेला शासनाच्या हिशेबात जवळजवळ कप्पाच नव्हता. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बालकल्याणाचं सगळ्यात मोठं नुकसान या एका हिशेबाने केलं. चांगल्या संस्थाही हळूहळू खाटा मोजायला लागल्या.

या व्यवस्थेत दाराशी जाणारा एकच माणूस होता, तो म्हणजे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), मुलाच्या घरची चौकशी करून अहवाल देणारा. त्याची ‘गृहचौकशी’ कशी चालते हे पाहण्यासारखं असतं. मानखुर्द-गोवंडीच्या बाजूला पत्त्यात नुसता प्लॉट आणि लाईन नंबर असतो, त्यामुळे मुलाच्या नावापेक्षा त्याच्या आईच्या कामावरून घर लवकर सापडतं. दुपारी गेलं तर दाराला कुलूप. संध्याकाळी आई धुणीभांडी उरकून येते तेव्हाच बोलणं होतं, तेही शेजारणींच्या देखत. वडील पितात का, पोरगं रात्री कुठे झोपतं, शाळेचा दाखला आहे का, कुणाच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, हे सगळं त्या अर्ध्या तासात काढून घ्यायचं आणि दोन पानांच्या अहवालात मांडायचं. मुलगा घरी जाणार की गृहात, हे बरंचसं त्या दोन पानांवर ठरतं. एकेका अधिकाऱ्याकडे अशा चौकशा साचत गेल्या की त्या टेबलावर बसूनच लिहिल्या जातात, हेही त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

१९८६ मध्ये तुरुंगांत ठेवलेल्या मुलांबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कडक निर्देश दिले आणि त्याच वर्षी देशभरासाठी बाल न्याय कायदा झाला. १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांसाठी वयोमर्यादा १८ केली. काळजीची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समित्या आणि गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठीची बाल न्याय मंडळं यांच्या तपशिलात इथे शिरत नाही.

आता १०९८. मुंबईच्या रात्रनिवाऱ्यांत राहणारी मुलं अडचण आली की ओळखीच्या कार्यकर्तीच्या घरी रात्री-अपरात्री फोन करत. कुणाला ताप, कुणाला पोलिसांनी उचललेलं, कुणाला नुसतंच बोलायचं. त्यातून चोवीस तास चालणाऱ्या फोनची कल्पना निघाली. १९३६ मध्ये निघालेल्या समाजकार्याच्या त्याच संस्थेचा क्षेत्रकार्य प्रकल्प म्हणून जून १९९६ मध्ये तो मुंबईत सुरू झाला. क्रमांकही दहा-नऊ-आठ असा उतरता, शाळेत न गेलेल्या मुलाच्याही तोंडात बसणारा. नाणं न टाकता फोन लागणार होता, पण पीसीओवाल्याने (सार्वजनिक फोन चालवणाऱ्या दुकानदाराने) मळक्या कपड्यातल्या पोराला रिसीव्हरला हात लावू दिला तर! म्हणून कार्यकर्ते पीसीओवाले, हमाल, स्टेशनवरचे चहावाले आणि रेल्वे पोलीस यांना गाठून हा क्रमांक कशासाठी आहे ते समजावत हिंडले.

फोन आल्यापासून ६० मिनिटांत माणूस मुलापाशी पोचला पाहिजे असा दंडक होता. पोचणाऱ्यांत स्वतः रस्त्यावर वाढलेले तरुणही असत. ‘ओपन हाऊस’ भरे, त्यात मुलं समोर बसून तक्रारी मांडत. कुठला दवाखाना हाकलतो, कुठला शिपाई मारतो, फोन कुणी उचलला नाही, सगळं. मुलांनी यंत्रणेला जाब विचारायची ही सोय मला त्या कामातली सगळ्यात मोलाची वाटते. येणाऱ्या फोनमध्ये मुके फोन खूप असत. पलीकडे श्वास ऐकू येतो, शब्द नाही. हे फोन वाया गेलेले धरू नयेत, मूल आधी चाचपून बघतं आणि मग कधीतरी बोलतं, हे फोनवरच्या माणसांना मुद्दाम शिकवलं जाई.

१९९९ मध्ये या कामासाठी देशपातळीवरचं प्रतिष्ठान स्थापन झालं. पैसा केंद्र सरकारचा, क्रमांक दूरसंचार खात्याचा आणि माणसं स्थानिक संस्थांची, अशी ही तीन पायांची रचना वाढत वाढत पाचशेहून अधिक जिल्ह्यांत गेली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात या सेवेची व्याख्याच आली. मार्च २०२० च्या शेवटच्या अकरा-बारा दिवसांत, टाळेबंदी सुरू होताना, १०९८ वर देशभरातून तीन लाखांवर फोन आले.

मग बदल कशासाठी? २०२१ मध्ये केंद्राकडून संकेत आला की मुलांची माहिती संवेदनशील असल्याने हा क्रमांक गृह खात्याच्या देखरेखीखाली जावा. त्यावर बालहक्कांच्या क्षेत्रातून बराच विरोध झाला. पुढे केंद्राच्या बालसंरक्षणासाठीच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मधला मार्ग निघाला. नियंत्रण कक्ष महिला व बालविकास विभागाचा, तो ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला, आणि जिल्ह्यात प्रत्यक्ष काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अखत्यारीतल्या पथकाचं. ‘१०९८ पोलिसांकडे गेला’ असं सर्रास म्हटलं जातं, ते बरोबर नाही. तातडीचा फोन पोलिसांच्या यंत्रणेकडे वळवला जातो, बाकीचे विभागाकडेच राहतात.

सरकारच्या बाजूचे मुद्दे खरे आहेत. संस्थांचं अनुदान महिनोन् महिने अडकायचं, कार्यकर्ते बिनपगारी राबायचे आणि सोडून जायचे. एका जिल्ह्यातली संस्था तत्पर, तर शेजारच्या जिल्ह्यात फोन लागूनही कुणी येत नसे. डांबून ठेवलेल्या मुलाला सोडवायला शेवटी पोलीस लागतातच आणि कार्यकर्त्याला दार फोडायचा अधिकार नाही. आणखी एक गोष्ट विरोधकांच्या बोलण्यात क्वचित येते. स्थानिक संस्थेच्या खोलीत वाजणारा फोन २०१० नंतरच्या दशकात काही मोठ्या शहरांतल्या संपर्क केंद्रांत गेला होता. केंद्रीकरणाचं पहिलं पाऊल संस्थांच्या रचनेतच पडलेलं होतं.

तरीही मला हा निर्णय चुकीचा वाटतो, कारण तातडी ठरवायची कुणी हा प्रश्न त्यात सुटत नाही. घरातून पळालेल्या मुलाच्या फोनमध्ये ‘वाचवा’ असा शब्द नसतो. तो भूक लागली म्हणतो, नाहीतर गाडी कुठली पकडू असं विचारतो. कल्याण किंवा दादरच्या फलाटावर रोज असणाऱ्या कार्यकर्त्याला त्या प्रश्नातून पुढचं कळतं. नियंत्रण कक्षाला रकाना भरायचा असतो. आणि ज्या मुलाने वर्दीचा मार खाल्लेला आहे, तो आपला फोन कुठे वळेल या शंकेनेच थांबतो. बालकल्याण समितीपुढे मूल हजर करायचा अधिकार कायद्याने आजही स्वयंसेवी संस्थेला, अगदी सामान्य नागरिकालाही आहे. अधिकार राहिला, पण ज्या मानधनावर कार्यकर्ता फलाटावर उभा राहायचा ते गेलं.

दरम्यान दाराकडे जाणाऱ्या वाटेवर पैसा थोडा वाढला आहे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना हीच संस्थाबाह्य मदत. एक पालक नसलेल्या किंवा घर संकटात असलेल्या मुलाला गृहात न टाकता घरीच ठेवायचं आणि घराला दरमहा रक्कम द्यायची. कितीतरी वर्षं ही रक्कम ४२५ रुपये होती. करोनाच्या काळात ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५०. मिशन वात्सल्यखालच्या प्रायोजकत्वात, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीत, दरमहा ४००० रुपये आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार आणि शहरात ९६ हजारांच्या आत हवं. मुंबईत धुणीभांडी करणारी बाईही ही मर्यादा ओलांडू शकते.

अर्जाची फाईल एकदा पाहावी. पालकाचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स आणि घरासमोर पालकासोबत उभ्या असलेल्या मुलाचा फोटो. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे मृत्यूचा दाखला नसतो आणि घटस्फोटाचा कागदही नसतो. भाड्याच्या खोलीचा मालक पत्ता वापरू देत नाही. ही फाईल पुरी करायला तीन-चार कचेऱ्यांचे खेटे पडतात. त्या बाईसोबत तहसीलपर्यंत जाणारा, रोजंदारी बुडणार म्हणून तिची कागदं स्वतः घेऊन फिरणारा माणूस आजही बहुतेक वेळा वस्तीतल्या संस्थेचाच असतो. त्याचा पूर्ण पगार योजनेतून निघत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षांतली माणसं कंत्राटी आहेत आणि जिल्हा मोठा असला म्हणून ती वाढत नाहीत. त्यामुळे कक्षाचे कर्मचारी गृहचौकशीसाठी त्याच संस्थांना फोन करतात, आणि २०२३ नंतर ज्यांच्याकडे १०९८ चं काम उरलेलं नाही त्यांतल्या काही संस्था हे काम देणग्यांवर करत आहेत.