'कोरी' मासा घाण खात नाही, उपाशी मरतो

क्रॉफर्ड मार्केटमध्ये माशांची टाकी घेतली की सल्ला ठरलेला: "तळाला दोन कोरी सोडा, घाण तेच खातात, वेगळं खाणं नको." साफ चूक! कोरी म्हणजे कोरीडोरास, दक्षिण अमेरिकेतला मासा. वाळू चाळून किडे-अळ्या खातो, विष्ठा नाही. टाकीत वरचे मासे दाणा खाली पोचूच देत नाहीत. मेलेली कोरी नीट पाहा: पोट खपाटीला गेलेलं, मिशांचे नुसते खुंट. पोट उपासमारीने, मिशा बहुधा खड्यांत कुजणाऱ्या घाणीने. त्याच घाणीतून माशांना विषारी असा अमोनियाही होतो. मुका जीव, सांगणार कसा? दिवा मालवल्यावर तळाशी बुडणारी गोळी टाका. दर आठवड्याला खडे सायफनने (घाण ओढणाऱ्या नळीने) साफ करून पाव पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं औषध आधी घाला.