हात धुणं आणि रुग्णालयातला संसर्ग : पार्श्वभूमी

रुग्णालयातले जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या हातांवरून जातात, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच दिसून आलं होतं. तेव्हापासून अडलंय ते बहुतेक वेळा माणसांच्या वागण्यावर.

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. कुठे दाखल करायचं हे वारावर ठरे. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. बायकांना हा फरक ठाऊक होता. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गयावया करत. मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून प्राध्यापक कोलेच्का वारले आणि त्यांच्या शवात सूतिकाज्वरासारखेच (बाळंतिणींना होणाऱ्या जीवघेण्या तापासारखेच) बदल आढळले. शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांवर काय येत असावं, हे तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी त्यावरून ओळखलं. साबणानं शवाचा वास जात नसे, म्हणून त्यांनी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं; पुढे स्वस्त पडतं म्हणून ब्लीचिंग पावडर आली. एप्रिलमधला १८.३ टक्के मृत्युदर जुलैत १.२ वर आला.

पण हात धुवायचे ते फक्त आत शिरताना. ऑक्टोबरमध्ये पहिल्याच खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची रुग्ण होती. तिच्यानंतर तपासलेल्या १२ बाळंतिणींपैकी ११ जणी गेल्या. मग प्रत्येक रुग्णानंतर हात धुण्याचा नियम झाला. आजच्या नियमांचं मूळ मला इथे दिसतं.

वरिष्ठांना मात्र हे झोंबलं, कारण मृत्यू आपल्याच हातून होत होते हे कबूल करावं लागणार होतं. सेमेलवाइसही सविस्तर लिहायला १८६१ पर्यंत थांबले, आणि नंतर विरोधकांना खुल्या पत्रांतून खुनी म्हणू लागले.

दीडशे वर्षांनी जिनिव्हातल्या रुग्णालयात डॉक्टर दिदिए पिते यांच्या गटानं कर्मचाऱ्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा ४८ टक्के वेळाच हात स्वच्छ केले जात होते, आणि कामाचा ताण वाढला की प्रमाण आणखी घसरे. बेसिनपर्यंत जाऊन साबणानं धुण्यात मिनिटभर जातं. खाटेपाशीच हँडरब, म्हणजे हातांवर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, असेल तर २०-३० सेकंदांत भागतं. बाटल्या खाटांपाशी आल्या, मोजमापाचे आकडे सगळ्यांसमोर ठेवले गेले, आणि १९९७ पर्यंत प्रमाण ६६ टक्क्यांवर पोहोचलं. सुधारल्या त्या मुख्यतः परिचारिका. डॉक्टरांचं प्रमाण कमीच राहिलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १० लिटर हँडरबमध्ये ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली आणि बाकी ऊर्ध्वपातित किंवा उकळून गार केलेलं पाणी असतं. पेरॉक्साइड द्रावणातलेच बीजाणू (जिवाणूंची चिवट, सुप्त रूपं) मारण्यासाठी असतं, म्हणून तयार द्रावण ७२ तास ठेवून मग वापरतात. ग्लिसरॉल कातडीसाठी, हात भेगाळले की लोक बाटलीला शिवत नाहीत. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मात्र अल्कोहोलनं मरत नाहीत, तिथे साबण-पाणीच हवं.

अधिकाराच्या उतरंडीवर अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २००३ पासून काम झालं. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) घालताना ठरलेल्या यादीतली पायरी चुकली तर नर्सनं डॉक्टरला थांबवायचं, असं ठरवून दिलं. पाच पायऱ्यांच्या त्या यादीत हात धुणं पहिलं होतं.

आपल्या सरकारी वॉर्डांत रुग्णाचं पुसणं, भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं बहुधा नातेवाईक करतात, आणि शेजारच्या खाटेलाही हात लावतात. हँडरब कसं आणि कधी वापरायचं हे दाखल करतानाच त्यांना करून दाखवायला हवं.